न आलेला अर्ज आधी शोध
आरोग्याच्या कामाला अनुदान देणाऱ्या नव्या पिढीला कानमंत्र

बाळ, आरोग्याच्या कामाला अनुदान देणाऱ्या विश्वस्त संस्थेत तू रुजू झालीस, याचा तुझ्या आत्याला मनापासून आनंद आहे. माझी उमेदीची सगळी वर्षं अशाच कामात गेली. नियम, नमुने, हिशेबाच्या पद्धती हे सगळं तुला कार्यालयात शिकवतील. कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नसतं तेवढंच मी सांगते.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. पाणी उताराला धावतं, पैसा मात्र चढाला धावतो. ज्या संस्थेकडे शहरात कार्यालय आहे, इंग्रजी लिहिणारी माणसं आहेत, चार ओळखी आहेत आणि मागच्या कामाचे गुळगुळीत अहवाल आहेत, तिच्याकडेच पुढचं अनुदान जातं. ज्या पाड्यावर परिचारिका महिनोन्‌महिने फिरकत नाही, तिथून अर्ज येतच नाही. तू कुणावर अन्याय केला नाहीस, आलेला प्रत्येक अर्ज प्रामाणिकपणे तपासलास, तरी पैसा चढालाच जाणार. त्याला वळवणं हे तुझं खरं काम. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

१. अर्जाआधी नकाशा उघड

टेबलावर अर्जांचा गठ्ठा आला की लगेच वाचायला घेऊ नकोस. आधी तालुक्यांचा नकाशा समोर ठेव आणि जिथून एकही अर्ज आलेला नाही, त्या तालुक्यांवर खूण कर. नंदुरबारमधलं धडगाव आणि अक्कलकुवा, गडचिरोलीतलं भामरागड आणि एटापल्ली, अमरावतीतलं धारणी आणि चिखलदरा, पालघरमधलं मोखाडा, नाशिकमधलं सुरगाणा. बालमृत्यू आणि कुपोषणाच्या चर्चेत ही नावं वर्षानुवर्षं पुढे असतात. अर्जांच्या गठ्ठ्यात ती किती वेळा दिसतात, ते बघ.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक नियम मांडला: जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे चांगली वैद्यकीय सेवा मिळण्याची शक्यता सर्वांत कमी, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती, तितका हा नियम पक्का. तो नियम अनुदानालाही लागू पडतो. आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्याच कलमात म्हटलंय की कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. आता जिथे कारखानेच नाहीत, तिथे आसपास म्हणायला कोण उरलं? म्हणून कंपन्यांचा पैसा जिथे आपोआप पोचतो, तिथे तुझ्या संस्थेने गर्दी करू नये.

खूण केलेल्या तालुक्यात स्वतः जा. तिथली आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, आठवडी बाजार इथे माणसं भेटतात. कोण खरोखर काम करतं, हे दोन दिवसांत कळतं. जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिही की अर्ज मराठीत चालेल, हाताने लिहिलेला चालेल. माडिया, कोरकू किंवा पावरा बोलणाऱ्या गटाला म्हणणं तोंडी मांडू दे आणि तू ते टिपून घे. काम चांगलं असणं आणि कामाबद्दल चांगलं लिहिता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. आपल्याला पहिलं हवंय.

२. लोकांनी मागितलेलं आधी दे

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेले, ते आरोग्याचं काम करायला. लोकांची पहिली गरज होती पाणी आणि अन्न. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. औषधांच्या पेट्या घेऊन बसायचं सोडून आरोळ्यांनी कूपनलिका आणि सामुदायिक स्वयंपाकघरं उभी केली. त्यांची पुढची चाल तू नीट लक्षात ठेव. कूपनलिका कुठे घ्यायची हे ठरवताना त्यांनी दलित वस्तीतल्या जागांना पसंती दिली. ज्या वस्तीतल्या बायकांना गावच्या विहिरीपाशी ताटकळावं लागायचं, त्याच वस्तीत आता अख्ख्या गावाला घागर घेऊन यावं लागलं.

कूपनलिका गावाच्या मध्यभागी घेतली असती, तरी पाणी तेवढंच निघालं असतं, अहवालात ‘लाभार्थी’ तेवढेच दिसले असते. पण वस्तीचं स्थान बदललं नसतं. म्हणून अर्जात ‘काय करणार’ वाचलंस की पुढचा प्रश्न विचार: कुठे करणार? शिबिर कुणाच्या अंगणात? पाण्याची टाकी कुठल्या टोकाला? बैठक देवळात असेल, तर देवळाची पायरी कोण चढत नाही? समतेचा अर्धा निकाल जागेच्या निवडीतच लागतो.

जामखेडच्या कामाचं फळ आकड्यांतही दिसलं. त्या गावांतला अर्भकमृत्यूचा दर १९७१ च्या सुमारास हजारी १७६ होता, तो पुढच्या दोन-अडीच दशकांत तिशीच्या आत आला. हे घडवलं प्रामुख्याने गावोगावच्या आरोग्य सेविकांनी. त्यातल्या बहुतेक जणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाण्यापासून सुरुवात करायची मुभा त्यांना कुणी दिली नसती, तर पुढचं काहीच झालं नसतं. तू ती मुभा देणारी हो.

३. जे कुणी मागत नाही, तेही विचार

लोक मागतात ते द्यायचंच, पण काही दुखण्यांना तोंडच नसतं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना कुठलं ना कुठलं स्त्रीरोग होतं आणि त्याआधी आतली तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. त्यापूर्वी बायकांच्या आरोग्याचा कार्यक्रम म्हणजे कुटुंब नियोजन आणि बाळंतपण, एवढाच हिशेब असायचा. पांढरं जाणं, कंबर धरणं, पाळीचा त्रास हे अंगावर काढायचं असतं, अशीच बायकांची समजूत करून दिलेली.

गावात सभा घेऊन हे कळत नाही. सभेत पुरुष बोलतात, आणि ते रस्ता मागतात. सभा संपल्यावर भांडी घासायच्या जागी, हातपंपावर, नाहीतर कापूस वेचायला चाललेल्या बायकांबरोबर चालता चालता विचार. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, मनाचा आजार असलेली माणसं, ऊसतोडीला जाऊन आलेली जोडपी, गर्भाशय काढून टाकलेल्या तरण्या बायका, अपंग मुलं असलेली घरं, यांची नावं मुद्दाम घेऊन विचार. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्याच्या आधी कितीतरी वर्षं त्या बायका ते भोगत होत्या. कुणी नीट विचारलं असतं, तर ते आधी कळलं असतं.

४. माणसाच्या पगाराला हात आखडू नकोस

विश्वस्तांच्या बैठकीत इमारत, रुग्णवाहिका, यंत्र पटकन मंजूर होतं. त्यावर नाव घालता येतं, फोटो काढता येतो. पगाराच्या ओळीवर मात्र लाल शाई फिरते. ती शाई थोपवणं तुझ्याकडे आहे.

त्यासाठी आधी गावातली आरोग्यदूत एका घरभेटीत काय काय करते, ते शेजारी बसून बघ. ती साबणाने हात धुते. बाळाच्या बगलेत तापमापक लावते. झोळीत बाळ घालून काट्याला अडकवते, काटा डोळ्यांच्या पातळीत धरते आणि तो स्थिर होईपर्यंत श्वास रोखून थांबते. मग कपडा वर करून पूर्ण एक मिनिट बाळाच्या छातीचं वरखाली होणं मोजते. साठच्या पुढे गेलं, तर पुन्हा मोजते. आई पाजते कशी, बाळ ओढतं कसं, हे बघते. नाळेकडे नजर टाकते. सासूला शांतपणे समजावते की बाळाला आज आंघोळ नको. सगळं तक्त्यात भरते आणि उद्याची वेळ सांगून निघते. अंधार पडल्यावर कुणी बोलावलं, तरी तिला जावं लागतं.

आता अंदाजपत्रक उघड. तिचं मानधन, प्रवास, मोबाइलचा रिचार्ज, विजेरीचे सेल, पावसाळी बूट, तिचं प्रशिक्षण, तिच्यावर देखरेख करणाऱ्या ताईचा पगार आणि दुचाकीचं पेट्रोल. यातली एकेक ओळ खोडून बघ आणि वरच्या भेटीतलं काय गळतं ते ताडून बघ. सगळा कार्यक्रम या ओळींतच आहे. उलट या ओळी अर्जात नसतील, तर संस्थेला फोन करून सांग की घाला. घाबरून, अनुदान मिळावं म्हणून त्यांनी त्या वगळलेल्या असतात.

कायद्याची बाजूही पक्की माहीत असू दे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या पगारासारखा, मूळ कामावरच होणारा खर्च त्या प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीने स्वतःच्या प्रशासनावर करायच्या खर्चाला आहे. हे नीट न वाचता ‘पगाराला पैसे देता येत नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर नियम उघडून समोर ठेव.

५. वर्षाच्या मापाने काम मोजू नकोस

एक वर्षाचं अनुदान आरोग्याच्या कामाला बहुधा पुरत नाही. पहिले चार महिने माणसं नेमण्यात, पुढचे चार शिकवण्यात जातात. काम अंगवळणी पडेपर्यंत अहवालाची तारीख उगवते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग १९९३ ते १९९८ या काळात केला. पहिली दोन वर्षं त्यांनी मुख्यतः नोंदी ठेवल्या आणि परिस्थिती मोजली. नंतर ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत सेवा दिली, आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. सेवा दिलेल्या गावांत नवजात बाळांच्या मृत्यूचा दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. खर्च आला दर बाळामागे सव्वापाच डॉलर. हे सगळं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नवजात बाळांच्या घरभेटी सुरू केल्या: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा, घरी जन्मलेल्याला सात.

गडचिरोलीच्या प्रयोगाला त्या काळी फोर्ड आणि मॅकआर्थर या संस्थांनी पैसे दिले होते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी ‘किती बाळं वाचली?’ म्हणून हिशेब मागितला असता, तर उत्तर काय मिळालं असतं? अजून एकही नाही, अजून आम्ही मोजतोय. ते उत्तर पचवणारा देणगीदार होता, म्हणून पुढे सगळ्या देशाला उपयोगी पडेल असं काही हाती लागलं. नवं काम असेल तर तीन वर्षं, खोल काम असेल तर पाच वर्षं, असा करार कर. दरवर्षी आढावा घे, पण पुढचा हप्ता मिळेल की नाही या धाकात त्यांना ठेवू नकोस.

६. सरासरीच्या खाली उतर

अहवालात येईल: तालुक्यात ८५ टक्के बाळांचं लसीकरण झालं. तू विचार, उरलेली १५ टक्के कुठली? बहुतेक वेळा ती सगळी दोन-तीन वाड्यांतली, एकाच वस्तीतली, वीटभट्टीवरची किंवा मेंढपाळांच्या तळावरची निघतात. सरासरी चांगली असताना त्या वस्तीत एकाही बाळाला लस नसू शकते. म्हणून अहवालाच्या नमुन्यात एक रकाना कायमचा घाल: कोण आलं नाही, आणि का? जात, वस्ती, लिंग, अपंगत्व यांनुसार आकडे फोडून माग. त्यासाठी लागणारा वेळ आणि माणूस मात्र तूच दे, नाहीतर तो रकाना अंदाजाने भरला जाईल.

दुसरं असं की तुला आलेला प्रत्येक आकडा आधी गावाने पाहिलेला असावा. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा मोठा प्रयोग झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली, पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने अनेक जिल्ह्यांत गावकऱ्यांनीच आपल्या आरोग्य सेवेला गुण दिले. हिरवा, पिवळा, लाल असे रंग भरलेले तक्ते गावात लावले. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून लोकांनी सांगितलं: आमच्याकडे परिचारिका येत नाही, औषध बाहेरून आणायला लावतात, बाळंतपणाला पैसे मागतात. कितीतरी ठिकाणी त्यानंतर सेवा सुधारली. ज्या आकड्यावर गाव भांडू शकतं, तो आकडा खरा. इंग्रजी अहवाल विश्वस्तांसाठी असू दे, पण त्याचं मराठी पान ग्रामसभेत वाचलं गेलं का, याची खात्री तू कर.

७. सरकारी दवाखान्याला बगल देऊ नकोस

देणगीच्या पैशाने अख्ख्या जिल्ह्याचं आरोग्य सांभाळता येत नाही. दुर्गम भागात साधारण तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष आहे. एवढं जाळं कुठलाही न्यास उभं करू शकणार नाही. म्हणून समांतर दवाखाना काढायचा अर्ज आला, तर शेजारचं सरकारी केंद्र का चालत नाही, ते आधी विचार. बरेचदा तिथे एका माणसाची, एका फ्रिजची किंवा एका भांडणाऱ्या गावाची उणीव असते. गावच्या आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधी मिळतो. तो कशावर खर्च होतो हे विचारायला गावाला शिकवणारं अनुदान छोटं असतं, पण त्याचा परिणाम टिकतो.

मुंबईत वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास ‘सेहत’ या संस्थेने आणि महापालिकेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. घरात मार खाल्लेली बाई जखमेला टाके घालून घ्यायला येते, त्याच जागी तिला बसवून घेऊन, ऐकून घेऊन मदत करायची, ही त्यामागची कल्पना. स्वतंत्र इमारतीत केंद्र काढलं असतं, तर ‘तिकडे कशाला गेली होतीस?’ हा प्रश्न घरी वाट पाहत असता. दवाखान्यात यायला मात्र बाईला कारण असतं. पुढे ते केंद्र महापालिकेने आपल्याकडे घेतलं आणि शहरातल्या इतर रुग्णालयांतही तशी केंद्रं उघडली. अनुदानाचा पैसा संपला, तरी काम उरलं. पहिल्या दिवसापासून काम सरकारी रुग्णालयाच्या भिंतींच्या आत असलं, की हे जमतं.

८. जे हक्काचं आहे, ते आधी मिळवून दे

ऑपरेशनच्या बिलासाठी मदत मागणारी पत्रं तुझ्याकडे रोज येतील. मन पिळवटून टाकणारी असतील. प्रत्येकाला चेक लिहीत बसलीस, तर निधी दोन महिन्यांत संपेल आणि पत्र लिहिता येणाऱ्यालाच मदत पोचेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. कितीतरी रुग्णांना हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, खाटेची उपलब्धता या चक्रात ते दमतात.

म्हणून एका जाणत्या समाजसेवकाचा पगार दे. तो रुग्णालयाच्या दारात बसेल, कागद गोळा करेल, तहसील कार्यालयात फोन लावेल, खाट आहे की नाही ते तपासेल आणि गरज पडली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार लिहून देईल. एका बिलाच्या पैशात वर्षभर कितीतरी कुटुंबांना त्यांचं हक्काचं मिळतं. दान आणि हक्क दोन्ही समोर असतील, तेव्हा पैसा हक्काच्या बाजूला लाव.

९. छोट्या गटांचा कागदाचा भार तू उचल

नोंदणी, करसवलतीची प्रमाणपत्रं, कंपन्यांचा निधी घेण्यासाठीचा सीएसआर-एक नमुना, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, धर्मादाय आयुक्तांकडची विवरणपत्रं, ही यादी मोठ्या संस्थेचा लेखापाल सकाळच्या चहाआधी पाठवतो. पाच बायकांच्या गटाला त्यातल्या निम्म्या गोष्टींची नावंही माहीत नसतात. अट शिथिल करता येत नसेल, तर अट पूर्ण करायला मदत कर. अनुदानाबरोबर वर्षभरासाठी एक चांगला हिशेबनीस दे. सोप्या मराठीत वहीचा नमुना दे. नोंदणी नसलेल्या गटाला जवळच्या विश्वासू संस्थेच्या छत्राखाली काम करू दे, पण पैसा परदेशी देणगीचा असेल तर जपून. २०२० च्या बदलानंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

पावत्यांबाबत कडक राहा, भाषेबाबत सैल राहा. बैलगाडीच्या भाड्याची छापील पावती मिळत नसते. गाडीवानाची सही किंवा अंगठा, तारीख आणि कुठून कुठे एवढं असलं की पुरे.

१०. भेटीला जाशील तेव्हा

मोठा ताफा नेऊ नकोस. हार-तुरे, स्वागतगीत, शाळेच्या मुलांची रांग, हे सगळं आधीच फोन करून थांबव. त्या दिवशी कुणाची मजुरी बुडू नये, एवढं बघ. पेरणी, लावणी, तेंदूपत्ता आणि मोहफुलांचे दिवस टाळ. मात्र एक भेट पावसाळ्यात ठेवच. नाल्याला पाणी असताना बाळंतीण दवाखान्यात कशी नेतात, हे उन्हाळ्यात कळत नाही. संस्थेच्या प्रमुखांशी बोलून झालं की आरोग्यदूताशी एकटीने बोल. तिचं मानधन वेळेवर मिळतं का, हे तिच्याच तोंडून ऐक. रुग्णाचा फोटो त्याला विचारून काढ, आणि कुपोषित बाळाचा तर काढूच नकोस.

नकार द्यायचा असेल, तर लवकर आणि कारणासह दे. दुर्गम भागातला गट तुझ्या उत्तराच्या आशेवर माणसं धरून ठेवतो. महिनोन्‌महिने लटकत ठेवलं, की ती माणसंही जातात.

११. वादळ आलं की हात सोडू नकोस

समतेसाठी खरं काम सुरू झालं, की कुणाच्या तरी गादीला धक्का लागतोच. डॉ. नोशीर अंतिया यांच्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थने अलिबागजवळच्या मांडव्यात सत्तरच्या दशकात गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्या बायका उत्तम काम करू लागल्या, पण स्थानिक हितसंबंध दुखावले गेले, आणि शेवटी तिथला प्रकल्प आवरता घ्यावा लागला. अंतियांनी काम सोडलं नाही. पुढे पुरंदर तालुक्यातल्या परिंच्याच्या परिसरात त्यांनी ते नव्याने उभं केलं.

तुझ्या संस्थांवरही अशी वेळ येईल. सरपंच रागावेल, खाजगी डॉक्टर तक्रार करतील, एखादी निनावी चिठ्ठी विश्वस्तांकडे येईल. शहानिशा कर, हिशेब तपास, काही चुकीचं असेल तर खडसावून विचार. पण आरोप तेवढ्याचसाठी असेल, की ज्यांनी गप्प बसायचं त्या बायका बोलायला लागल्या, तर त्याच आठवड्यात तिथे जा आणि सगळ्यांदेखत त्यांच्याजवळ बस. त्या वेळी पुढचा हप्ता वेळेवर पाठवण्याइतकी मोठी मदत दुसरी नाही.

१२. निवड करणाऱ्यांत निवडले जाणारे बसव

शेवटचा मंत्र सगळ्यात अवघड आहे, आणि तो तुझ्या कार्यालयातच अमलात आणायचा आहे. अनुदान कुणाला द्यायचं, हे ठरवणाऱ्या समितीत कोण बसतं? निवृत्त अधिकारी, डॉक्टर, सनदी लेखापाल, उद्योजक. सगळी भली माणसं. पण दुर्गम पाड्यावर रात्री बाळंतपणाला धावलेली एक आशाताई तिथे असेल, एखादी ऊसतोड कामगार बाई असेल, चाकाच्या खुर्चीवर फिरणारा एखादा कार्यकर्ता असेल, तर अर्ज वेगळ्या नजरेने वाचले जातील. ‘ही अंगणवाडी रस्त्यापासून किती लांब?’ हा प्रश्न त्यांना पुस्तकात शोधावा लागत नाही. त्यांना बैठकीचा भत्ता दे, प्रवासखर्च हातात दे, कागद मराठीत दे, आणि बोलायची पहिली पाळी त्यांची ठेव. शेवटी ठेवलीस, तर मोठ्यांचं बोलून झाल्यावर त्या फक्त मान हलवतील.

विश्वस्त विचारतील, याची गरज काय? तेव्हा नकाशा काढ. खुणा केलेले तालुके दाखव. सांग, की तीच ती माणसं टेबलाशी बसली, तर पैसा त्याच त्या ठिकाणी जाणार. त्या तालुक्यांतला माणूस टेबलाशी आला, तर तिथला अर्जही येईल. तू नवी आहेस, तुझं लगेच ऐकणार नाहीत. पण विषय कार्यवृत्तात नोंदला जाईल एवढं बघ, आणि पुढच्या प्रत्येक बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत तो पहिल्या क्रमांकावर घाल. मंजूर होईपर्यंत घालत राहा.